ज्या पेशीला विषाणू शिवलाच नाही

बारावीतल्या भाच्यानं मध्यंतरी फोनवर विचारलं, "मावशी, एचआयव्ही टी पेशींना मारतो ना? मग एचआयव्ही झालेल्यांना लिम्फोमा होतो, तो बी पेशींचा कसा काय? विषाणू लागला एकीला आणि कॅन्सर झाला दुसरीलाच?"

प्रश्न झकास आहे. मावशीची मायक्रोबायोलॉजीची पदवी बरीच जुनी असली तरी अशा प्रश्नावर गप्प बसवत नाही. चार-पाच रात्री वाचत बसले. वाचता वाचता कळलं की ह्याचं उत्तर एका वाक्यात नाही, साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासात आहे. तो आफ्रिकेतल्या एका हॉस्पिटलात सुरू होतो आणि अमेरिकेतल्या काही डीप फ्रीझरपर्यंत येतो. भाच्याला फोनवर एवढं सांगायला बसले असते तर त्यानं फोन ठेवला असता. म्हणून इथे लिहितेय.

आधी पात्रांची ओळख. पायाची जखम चिघळली की जांघेत गाठ येते. आपल्याकडे तिला अवधाण म्हणतात. जखम बरी झाली की तीही बसते. ही गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. मानेत, काखेत, जांघेत, पोटात अशा शेकडो ग्रंथी असतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात. त्यातल्या बी पेशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार करतात. टी पेशींमध्ये मुख्य दोन जाती. सीडी४ पेशी मदतनीस. कुणी काय करायचं हे त्या सांगतात. सीडी८ पेशी बिघडलेल्या पेशींना शोधून मारतात. एचआयव्ही शिरतो तो मुख्यतः सीडी४ पेशींत. लिम्फोमा म्हणजे ह्याच पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्यातही गाठ येते, पण ती अवधाणासारखी बसत नाही.

आता कंपाला. साल १९५७. तिथल्या मुलागो हॉस्पिटलात डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन होते. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. त्यांना एका लहान मुलाला बघायला बोलावलं. त्याचा जबडा वर-खाली, डावी-उजवीकडे, चारही बाजूंनी सुजलेला. जंतुसंसर्ग असा चारही बाजूंना सारखा होत नाही, आणि एकच गाठ चार ठिकाणी कशी असेल? थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात अगदी तसंच दुसरं मूल दिसलं. मग त्यांनी जुने कागद काढले, इतर डॉक्टरांना विचारलं आणि १९५८ साली ह्या गाठींवर निबंध लिहिला. पुढे ती बी पेशींच्या लिम्फोमाचीच एक जात निघाली. तिला आज आपण बर्किट लिम्फोमा म्हणतो.

बर्किट एवढ्यावर थांबले नाहीत. १९६१ मध्ये दोन डॉक्टर मित्रांना घेऊन, जुनी स्टेशन वॅगन काढून ते दहा आठवडे आफ्रिका पालथी घालत हिंडले, सुमारे १६,००० किलोमीटर. दर हॉस्पिटलात एकच प्रश्न : अशी मुलं तुमच्याकडे येतात का? उत्तरांवरून नकाशा तयार झाला. थंड, उंच डोंगराळ भागात हा आजार नाही. उष्ण, पावसाळी पट्ट्यात आहे. हा पट्टा मलेरियाच्या पट्ट्याशी जुळत होता. मलेरियाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात बर्किट ह्यांचं व्याख्यान झालं. ऐकायला अँथनी एपस्टाइन नावाचे तरुण शास्त्रज्ञ बसले होते. कॅन्सरचा भूगोल हवामानाप्रमाणे बदलतो म्हणजे मागे काहीतरी संसर्ग असणार, विषाणूच असणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. मग कंपालाहून विमानानं गाठींचे तुकडे लंडनला यायला लागले. दोन-तीन वर्षं काहीच हाती लागलं नाही. १९६३ च्या डिसेंबरमध्ये धुक्यामुळे एक विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरलं. तुकडा उशिरा पोचला आणि ज्या द्रवात तो ठेवला होता तो गढूळ झालेला. जंतू वाढले असतील, टाकून द्या, असंच कुणीही म्हटलं असतं. एपस्टाइननी थेंबभर काढून मायक्रोस्कोपखाली बघितला, तर गाठीच्या पेशी सुट्या होऊन जिवंत तरंगत होत्या! त्यांच्यापासून पेशी वाढवता आल्या आणि १९६४ साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणू दिसला. एपस्टाइन आणि त्यांच्या सहकारी इव्हॉन बार ह्यांच्या नावावरून तो एपस्टाइन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही. बर्ट अचाँग हे ह्या कामातले तिसरे. विषाणूच्या नावात त्यांना जागा मिळाली नाही. असो.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण गुंता इथूनच सुरू होतो. ईबीव्ही जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या शरीरात असतो. तुमच्यात असेल, माझ्यात असेल. तो बी पेशींत शिरतो आणि जन्मभर तिथे दडून राहतो. आपल्या टी पेशी त्याच्यावर डोळा ठेवून असतात, म्हणून आपल्याला काही होत नाही. मग युगांडातल्या थोड्याच मुलांना कॅन्सर का? एकट्या ईबीव्हीनं हे होत नाही, जोडीला आणखी काहीतरी लागतं. तिथल्या मुलांच्या बाबतीत ते मलेरिया असावं, असा अंदाज होता. मलेरिया पुन्हा पुन्हा झाला की बी पेशींना उसंत मिळत नाही, त्या सतत चेतवल्या जातात.

ह्या कथेतला दुवा जोडणारा माणूस म्हणजे जॉन झिग्लर. हे अमेरिकन डॉक्टर १९६७ साली कंपालात सुरू झालेल्या युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक. औषधांनी ह्या मुलांच्या गाठी भराभर विरघळतात आणि काही मुलं कायमची बरी होतात, हे त्यांनी आणि इतरांनी दाखवलं. १९७२ साली लास्कर पारितोषिक मिळालेल्या डॉक्टरांत बर्किटही होते आणि झिग्लरही. पुढे झिग्लर अमेरिकेत परतले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत काम करू लागले. आणि तिथे त्यांच्यापुढे काय यावं? बर्किटसारखाच लिम्फोमा! पण ह्या वेळी मलेरियाच्या पट्ट्यातली मुलं नव्हती, सॅन फ्रान्सिस्कोत राहणारे समलिंगी तरुण होते.

५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना झालेल्या विचित्र न्यूमोनियाची बातमी अमेरिकेच्या सरकारी आरोग्यपत्रिकेत आली. एड्सच्या इतिहासाचा तो पहिला दिवस मानतात. बरोबर एक वर्षानं, ४ जून १९८२ ला, त्याच पत्रिकेत सॅन फ्रान्सिस्कोतल्या चार पुरुषांच्या लिम्फोमाची नोंद आहे. त्याच वर्षी झिग्लर आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं. १९८४ साली त्यांनी अशा ९० रुग्णांची माहिती एकत्र छापली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्याख्येत ह्या लिम्फोमाला एड्सच्या आजारांत जागा मिळाली. एकाच माणसानं एकाच कॅन्सरची दोन टोकं बघितली. एकीकडे मलेरिया, दुसरीकडे एड्स. मधलं समान सूत्र कोणतं, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला.

तोपर्यंत एड्सचा विषाणूही सापडला होता. १९८३ च्या जानेवारीत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एका रुग्णाच्या मानेतली गाठ काढून आणली होती, तिच्यातून फ्रांस्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक मोन्तानिए ह्यांच्या गटानं तो मिळवला. विषाणू सापडला तोही सुजलेल्या लसिका ग्रंथीत, हे मला फार बोलकं वाटतं. आजार अजून पुरता दिसत नव्हता, पण ग्रंथीत गडबड सुरू झाली होती.

ही गडबड नेमकी कसली? १९८३ सालीच अमेरिकेत क्लिफर्ड लेन, अँथनी फाउची आणि सहकाऱ्यांनी एड्सच्या रुग्णांच्या बी पेशी तपासल्या. एड्समध्ये सगळ्या पेशी मरगळतात असं आपण धरून चालतो. ह्या बी पेशी तर उलट कुणी न सांगता प्रतिपिंडं ओतत होत्या. आणि मुद्दाम नवीन काही दाखवून प्रतिसाद मागितला, तर गप्प! बाई वर्गाबाहेर गेल्यावर जसा वर्ग असतो तसं. सगळे एकदम ओरडतात, पण कुणी प्रश्न विचारला तर उत्तर एकाकडेही नसतं.

ह्या गोंगाटाची कारणं पुढच्या तीस वर्षांत एकेक करून कळत गेली. पहिलं कारण म्हणजे एचआयव्ही स्वतः. तो कायम शरीरात असल्यानं बी पेशींना सतत डिवचत राहतो. दुसरं ईबीव्हीचं. पहारा ढिला पडला की तो बी पेशींना वाढायला लावतो. तिसरं कारण २००६ साली पुढे आलं आणि ते आतड्यातलं निघालं. एचआयव्ही अगदी सुरुवातीलाच आतड्याच्या भिंतीतल्या सीडी४ पेशींचा फडशा पाडतो. मग भिंत गळकी होते, आतल्या जीवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि सगळी यंत्रणा कायम जागी राहते. चौथं कारण चमत्कारिक आहे. रक्तातल्या सीडी४ पेशी कमी होत असताना ग्रंथींच्या आत बी पेशींना चिथावणाऱ्या मदतनीस पेशींची एक जात काही रुग्णांत चक्क वाढलेली असते, हे २०१२ च्या सुमारास दिसलं. म्हणजे वर्गातल्या बाई बाहेर आणि दंगा करायला लावणारे मॉनिटर मात्र दुप्पट.

पण नुसत्या गोंगाटानं कॅन्सर होत नाही. त्यासाठी गुणसूत्रात चूक व्हावी लागते, आणि बी पेशीचं कामच तसं धोक्याचं आहे. चांगली प्रतिपिंडं घडवायची तर तिला स्वतःचा डीएनए कापून पुन्हा जोडावा लागतो. हे काम करणारं एआयडी नावाचं विकर जपानच्या तासुकु होंजो ह्यांच्या गटानं १९९९ मध्ये शोधलं. शरीरातल्या बाकीच्या पेशी ही कात्री सहसा हातात घेत नाहीत. बी पेशी घेते, आणि जितक्या वेळा चेतवावी तितक्या वेळा घेते. हजारदा बरोबर चालते, एखाद्या वेळी चुकते. आठव्या गुणसूत्राचा तुकडा चौदाव्याला जाऊन चिकटतो. पेशीला वाढायला सांगणारं मिक नावाचं जनुक प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं, आणि बी पेशीत ते कायम चालूच असतं. झालं, पेशी थांबायचं विसरते. बर्किट लिम्फोमात हीच चूक असते, कंपालातही आणि सॅन फ्रान्सिस्कोतही. मलेरिया काय आणि एचआयव्ही काय, दोघांनी बी पेशीला कात्री खाली ठेवू दिली नाही.

भाच्या, तुझं उत्तर इथे आहे. एचआयव्हीला बी पेशीत शिरायची गरजच पडत नाही. तो तिच्या शेजाऱ्यांना मारतो, तिच्या घराची भिंत गळकी करतो, तिला झोपू देत नाही. चूक तिच्या हातून होते, पण वेळ त्यानं आणलेली असते.

आता उरले पहारेकरी, म्हणजे सीडी८ पेशी. बिघडलेल्या बी पेशींना त्यांनी मारायला नको का? २००१ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी हेच तपासलं. ज्यांना पुढे ईबीव्हीशी संबंधित लिम्फोमा झाला, त्यांच्यात ईबीव्हीला ओळखणाऱ्या सीडी८ पेशी कमी झाल्या असतील असं वाटत होतं. मोजल्या तर भरल्या पुरेशा! पण लढाईसाठी जे रसायन सोडायचं, ते सोडायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. हजेरीपटावर सही आहे, काम शून्य. आपण रिपोर्टमधला आकडा बघून निश्चिंत होतो किंवा घाबरतो. पण पेशी किती आहेत आणि त्या काय करू शकतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ह्यावरून आणखी एक कोडं सुटतं. मेंदूत होणारा लिम्फोमा सीडी४ पेशी ५० च्याही खाली गेलेल्या रुग्णांत दिसायचा (निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात) आणि त्यात जवळजवळ नेहमी ईबीव्ही सापडायचा. ती पहारा उठल्याची गोष्ट. बर्किट मात्र २०० च्या वर पेशी असणाऱ्यांतही होतो आणि त्यातल्या बऱ्याच गाठींत ईबीव्ही नसतोच. ती गोंगाटाची आणि कात्रीची गोष्ट. म्हणून १९९६ नंतर तीन औषधांची एकत्र उपचारपद्धती आली, सीडी४ पेशी परत वाढायला लागल्या, तेव्हा मेंदूतला लिम्फोमा झपाट्यानं कमी झाला आणि बर्किट तेवढा कमी झाला नाही.

त्याआधीची वर्षं वाचताना मात्र मन विषण्ण होतं. लिम्फोमाची औषधं पांढऱ्या पेशी मारतात, आणि इथे त्या आधीच मरत होत्या. पूर्ण मात्रा द्यावी तर संसर्गानं रुग्ण जाणार, कमी द्यावी तर कॅन्सर राहणार. १९९७ साली छापलेल्या एका अमेरिकन चाचणीत १९८ रुग्णांना कमी किंवा नेहमीची मात्रा देऊन तुलना केली. त्रास कमी मात्रेत कमी झाला, पण आयुष्यात फारसा फरक पडला नाही. दोन्हीकडचे निम्मे रुग्ण सात-आठ महिन्यांत गेले. २००५ मध्ये दुसरी चाचणी आली. बी पेशींना वेचून मारणारं रिटुक्सिमॅब नेहमीच्या औषधांना जोडलं, तर सीडी४ पेशी ५० पेक्षा कमी असणाऱ्यांत संसर्गानं होणारे मृत्यू वाढले. पुढे अनुभव वाढला, एचआयव्हीची औषधं सुधारली, जंतुसंसर्ग आधीच रोखायची पद्धत बसली, आणि रिटुक्सिमॅबचा फायदाही दिसला. आज एचआयव्ही आटोक्यात असलेल्या माणसाला लिम्फोमा झाला तर पूर्ण मात्रेचे उपचार देतात, आणि बऱ्याच प्रकारांत निकाल इतर रुग्णांच्या जवळपास येतात.

आपल्या देशात एचआयव्हीचा शोध लागला १९८६ साली, मद्रासला. डॉ. सेल्लप्पन निर्मला ह्यांनी नमुने गोळा केले आणि त्यांच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यानंतर बरीच वर्षं निदान होत होतं पण औषध परवडत नव्हतं. २००१ साली मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्याचे दहा हजारांहून जास्त पडत. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं फुकट मिळू लागली. कॅन्सरचं एकही औषध न वापरता ह्या गोळ्यांनी कितीतरी लिम्फोमा होऊच दिले नसतील. न झालेल्या आजाराची नोंद कुठल्या वहीत होत नाही. एक गोष्ट मात्र आपल्याकडे जास्त जपायला हवी. मानेत गाठ आली की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही. पण टीबीच्या औषधांनी गाठ बसत नसेल तर तुकडा काढून तपासायला उशीर करू नये. ओळखीत कुणी असेल तर एवढं जरूर सांगा. आणि सांगताना आवाज हळू करू नका. लपवाछपवीनं ह्या आजारात फार माणसं गेली आहेत.

एक गोड गोष्ट पण सांगते. लंडनमध्ये राहणाऱ्या ॲडम कास्तियेहो ह्यांना २००३ मध्ये एचआयव्हीचं निदान झालं आणि पुढे काही वर्षांनी हॉजकिन लिम्फोमाचं. इतर उपचार थकल्यावर २०१६ मध्ये त्यांना दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्या. दाता असा निवडला की त्याच्या पेशींवर एचआयव्हीला आत शिरायचं सीसीआर५ नावाचं दार जन्मतःच नव्हतं. लिम्फोमा गेला, आणि २०१७ मध्ये औषधं थांबवल्यावर एचआयव्हीही परतला नाही. हा उपचार इतका जोखमीचा आहे की कॅन्सर नसलेल्यांना तो देत नाहीत. पण ज्या आजारानं मरण आणलं असतं, त्याच्याच उपचारानं दुसरा आजार गेला.

आता ते डीप फ्रीझर. १९८४ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर, शिकागो, पिट्सबर्ग आणि लॉस एंजेलिस ह्या शहरांत सुमारे ५००० समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांनी एका अभ्यासात नाव घातलं. दर सहा महिन्यांनी यायचं, तपासून घ्यायचं, रक्त द्यायचं. तेव्हा एकही औषध नव्हतं. नोकरी जाईल, घरमालक काढेल, घरचे तोंड फिरवतील, हे सगळं समोर दिसत होतं. तरी ते येत राहिले. त्यांच्यातले कितीतरी तरुणपणीच गेले. रक्त गोठवून ठेवलेलं राहिलं.

विसेक वर्षांनी संशोधकांनी त्यातल्या लिम्फोमा झालेल्यांच्या बाटल्या काढल्या आणि निदानाच्या आधीच्या वर्षांचं रक्त तपासलं. बी पेशींच्या गोंगाटाच्या खुणा त्यात होत्या. इंटरल्यूकिन-६, सीएक्ससीएल१३, बी पेशींवरून गळून पडलेले रेणू. गाठ हाताला लागायच्या काही वर्षं आधीपासून हे सगळं वाढलेलं होतं. ह्यावरून रोजच्या वापरातली तपासणी अजून निघालेली नाही, पण हा कॅन्सर एका रात्रीत येत नाही हे तिथेच दिसलं. एचआयव्हीची औषधं सीडी४ पेशी घसरायची वाट न बघता निदान होताच सुरू करतात, ते आता जगभर चालतं आणि भारतानंही २०१७ पासून स्वीकारलं. गोंगाट जितका लवकर थांबवावा तितकी कात्री कमी चालते.

त्या पुरुषांना आपल्या रक्तातून काय निघेल हे ठाऊक नव्हतं. बाटलीवर नावही नव्हतं, नुसता नंबर. सहा महिन्यांनी पुन्हा यायचं कबूल करून ते घरी जात, आणि जगले-वाचले तर येत.